लावण चांगली होती, खोडव्यात काणी आणि गवताळ वाढ कुठनं आली?

कृष्णाकाठचा_ऊस (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. वाळवा तालुका, काळी मध्यम जमीन, ठिबक आहे. अडीच एकर को 86032 जातीचा ऊस, आडसाली (जुलै-ऑगस्टची) लावण होती, डिसेंबरात तुटून गेली, टनेज पण बरं मिळालं म्हणून खोडवा ठेवला, म्हणजे बुडख्यातनं परत फुटलेला ऊसच वाढवला. आता साडेचार महिने झाले खोडव्याला आणि रानात गेलं की जीव खाली-वर व्हायला लागलाय. दोन प्रकार दिसतायत. एक म्हणजे काही बेटांतनं शेंड्यातनं काळा चाबूक बाहेर आलाय, हात दीड हात लांब, वाकलेला, बोट लावलं की काजळीसारखी काळी भुकटी बोटाला लागतेय. दुसरं म्हणजे काही बेटं नुसती गवतासारखी झाल्यात, एका बेटाला चाळीस-पन्नास बारीक फुटवे, पानं अरुंद आणि पांढरट पिवळी, त्यात ऊस धरायचं नावच नाही. परवा पहिल्या पाच सऱ्या मोजल्या तर दोन्ही मिळून 23 बेटं निघाली.

आता माझा प्रश्न असा की हे आलं कुठनं? लावणीला मला तरी असं काही दिसलं नव्हतं. शेजारचे आबा म्हणतात जमीन बाधली, दुसरे म्हणतात वाऱ्यानं आलं, खताच्या दुकानात विचारलं तर त्यांनी दोन बाटल्या पुढं केल्या की हे फवारा. बेणं (लावायला घेतलेला ऊस) मी गावातल्याच एका पाहुण्याच्या रानातलं आणलेलं, तो पण खोडवाच होता पण ऊस दिसायला झक्क होता, बोटाएवढी जाड कांडी, म्हणून घेतला. पाण्यातनं येतंय का, पाटाचं पाणी वरच्या रानातनं येतंय आमच्याकडं. कुणाला नीट माहिती असेल तर सांगा, खोडवा ठेवू का मोडू हे पण सांगा.

जुना_फडकरी

भाऊ, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. "पाहुण्याच्या रानातलं बेणं, तो पण खोडवाच होता." रोग तिथनं आलाय, तुमच्याच ट्रॉलीत बसून आलाय. जमिनीला दोष देऊ नका.

मी चाळीस वर्षं ऊस करतोय. को 740 जातीचा जमाना बघितलाय, त्याला काणी जास्त लागायची, तेव्हा आमचे वडील पोतं घेऊन चाबूक काढत फिरायचे आणि आम्हा पोरांना हात लावू द्यायचे नाहीत. तेव्हा आम्हाला वाटायचं वडील उगाच घाबरतात. नंतर कळलं की एका चाबकात करोडोंनी बीजाणू असतात आणि पोरगं एका बेटाला हात लावून दुसरीकडं पळालं की झालं काम.

कृषी_पदवीधर_सातारा

दादा, थोडं सविस्तर लिहितो कारण तुम्ही दोन वेगळे रोग एकत्र धरलेत आणि दोघांची वाट थोडी वेगळी आहे.

काळा चाबूक म्हणजे चाबूक काणी, ही बुरशी. चाबूक बाहेर येतो तेव्हा त्यावर चंदेरी पातळ पापुद्रा असतो, तो फाटला की आतली काळी पूड वाऱ्यावर जाते. म्हणजे वाऱ्यानं येतं असं जे म्हणतात ते खोटं नाही, पण वाऱ्यानं आलेली ती पूड तुमच्या उभ्या उसाचं पान खात नाही, ती कांडीवरच्या डोळ्यावर जाऊन बसते आणि तिथंच दडून राहते. उभ्या उसात काही दिसत नाही, ऊस जाड, हिरवागार, झक्क. तोच ऊस तुम्ही बेणं म्हणून तोडला, डोळा फुटला, की कोंबाच्या बरोबर बुरशी पण वाढीला लागते आणि दोन-चार महिन्यांनी शेंड्यातनं चाबूक. पाहुण्याचा ऊस दिसायला चांगला होता हे तुम्ही खरंच सांगताय, पण डोळ्यानं बघून हे कळत नाही हीच तर अडचण आहे. खोडव्यात जास्त का दिसतं तर बुडख्याचे जे जमिनीतले डोळे असतात त्यात ती आधीच असते, तोडणी झाली की ते सगळे एकदम फुटतात. आणि कडक उन्हाळा, कोरडी हवा असली की काणीला जोर येतो, म्हणून एप्रिल-मे मध्ये सगळ्यांच्या तक्रारी येतात.

गवताळ वाढ ही बुरशी नाही. फायटोप्लाझ्मा नावाचा अतिसूक्ष्म जीव आहे, उसाच्या अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांत राहतो. मुख्य प्रसार बेण्यातनं, आणि रानात एका बेटावरनं दुसऱ्या बेटावर नेतात रस शोषणारे तुडतुडे. लावणीत जंतूंचं प्रमाण कमी असलं तर ऊस बरा दिसतो, खोडव्यात उघडा पडतो. त्यामुळं "लावणीत नव्हतं" असं म्हणू नका, होतं पण दिसत नव्हतं असं म्हणा.

एक महत्त्वाचं, पांढरट पानं बघून बरेच लोक त्याला केवडा समजतात आणि फेरस सल्फेट मारत बसतात. केवड्यात शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो आणि चुनखड जमिनीचा पट्टाच्या पट्टा तसा दिसतो. गवताळ वाढीत मधेच एक बेट पांढरं आणि शेजारचं बेट काळंभोर हिरवं असतं. आणि केवड्याच्या बेटाला असे पन्नास फुटवे येत नाहीत.

दुकानदारानं दिलेल्या बाटल्या परत करा. दोन्हीपैकी कुठलाच रोग उभ्या बेटात फवारणीनं बरा होत नाही. तुडतुडे-माव्याचा बंदोबस्त करायचा तर ते वेगळं, पण बाधलेलं बेट काढल्याशिवाय त्याचा पण उपयोग नाही.

कृष्णाकाठचा_ऊस

सर खूप आभार, एवढं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. पण एक शंका आहे, 2002 साली आमच्या सांगली जिल्ह्यात लोकरी मावा आला तेव्हा तर तो बेण्यातनं नव्हता आला ना, बघता बघता शिवारच्या शिवार पांढरं झालेलं, मी तेव्हा शाळेत होतो पण आठवतंय, पानाखाली कापूस चिकटल्यागत आणि पानावर काळा चिकट थर. तेव्हापासनं गावात सगळ्यांच्या डोक्यात बसलंय की उसाचं सगळं वाऱ्यानं येतंय.

जुना_फडकरी

ती कीड होती बाळा, रोग नव्हे. पंख असलेल्या माद्या उडून जायच्या आणि आपण वाढं (उसाचे हिरवे शेंडे) बैलगाडीत भरून या गावातनं त्या गावात नेत होतो ते वेगळंच. त्यावर शेवटी औषधानं नाही तर डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनी उपाय केला, लोकांनी त्या अळ्या असलेली पानं तोडून दुसऱ्याच्या रानात नेऊन सोडली. पण तेव्हाचा धसका आहेच, तुमचं बरोबर आहे, त्यानंतर काहीही झालं की लोक आभाळाकडं बघतात.

माढ्याची_शेतकरीण

दादा मी माझा अनुभव सांगते. आमच्याकडं तीन वर्षांपूर्वी रोपं आणली होती, नाव नाही सांगत, जवळचीच रोपवाटिका होती. एक डोळ्याची रोपं, ट्रेमधली, दिसायला हिरवीगार, खर्चाला महाग. आम्ही समजलो रोप म्हणजे निरोगी. तीन महिन्यांनी सरीला चार-पाच चाबूक. मी जाऊन विचारलं की रोपांसाठी डोळे कुठल्या प्लॉटमधनं काढले, तर त्यांना सांगताच येईना, कारण जिथं मिळेल तिथला ऊस आणून डोळे काढत होते. तेव्हापासनं मी रोप बघत नाही, रोपाची आई बघते. कुठल्या प्लॉटचा ऊस, किती महिन्यांचा, त्या बेण्याला काय प्रक्रिया केली, बिल आहे का. हे विचारलं की काही रोपवाटिकावाले रागावतात, रागावू देत.

आणि बायकांना सांगायचंय की खुरपणीला आपण सरीसरीतनं फिरतो, चाबूक आपल्यालाच आधी दिसतो. आमच्या इथं बायका तो तोडून बांधावर टाकायच्या, मी पण टाकलाय. बांधावर टाकलेला वाळला की पूड उलट जास्त उडते. आता आम्ही असं करतो की सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत, पानावर दव असताना जातो, खताचं रिकामं पोतं हळूच वरनं चाबकावर चढवतो, तोंड हातानं आवळून धरतो आणि मग खालनं कोयत्यानं तोडतो. चाबूक पोत्यात तसाच बांधून रानाबाहेर नेऊन जाळतो. आणि मग टिकाव घेऊन ते बेट मुळासकट काढतो. नुसता चाबूक काढला तर पंधरा-वीस दिवसांनी बाजूच्या फुटव्यातनं दुसरा येतो, आम्ही पहिल्या वेळी हेच केलं आणि तीनदा मजुरी गेली.

कृषी_पदवीधर_सातारा

ताई अगदी बरोबर पद्धत आहे, विद्यापीठ पण हेच सांगतं. फक्त ते काम झाल्यावर हातपाय धुवा, कपडे झटकून दुसऱ्या रानात जाऊ नका.

बिजनौरहून_सोलापूरकर

मी सोलापूरचा, नोकरीनिमित्त उत्तर प्रदेशात एका कारखान्याच्या ऊस विभागात आहे. इथं जे बघितलंय ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

इथं को 0238 नावाची जात आहे. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेच्या कर्नाल केंद्रातनं निघालेली, 2009 ला प्रसारित झाली. साखरेचा उतारा जबरदस्त, टनेज जबरदस्त, शेतकऱ्यानं आणि कारखान्यानं दोघांनी डोक्यावर घेतली आणि मग राज्याच्या बहुतेक ऊस क्षेत्रावर हीच एक जात झाली. सुरुवातीला ती लाल कुज या बुरशीच्या रोगाला प्रतिकारक होती. पण एवढ्या रानात एकच जात वर्षानुवर्षं म्हटल्यावर बुरशीचा नवा प्रकार तयार झाला, सीएफ 13 म्हणतात त्याला, आणि तो बरोबर याच जातीवर चालून गेला. मी डोळ्यानं बघितलेला प्लॉट, जुलैत हिरवागार, शेंड्याकडनं तिसरं-चौथं पान पिवळं पडायला लागलं, सप्टेंबरात अख्खा ऊस वाळून काटक्या. कांडी उभी चिरली तर आत लाल आणि त्या लाल रंगात आडवे पांढरे पट्टे, नाकाशी धरली तर दारूसारखा आंबूस वास. लाल कुज ओळखायची असेल तर ते आडवे पांढरे पट्टे बघा, नुसतं लाल दिसणं मर रोगात पण असतं.

आणि इथं ती पसरली कशी तर तिन्ही वाटांनी. बेणं तर आहेच, बाधलेल्या रानातलं बेणं शेतकऱ्यानं पाहुण्यांना दिलं, पाहुण्यांनी पुढं दिलं. मग पावसाचं आणि पुराचं पाणी, एका रानातनं दुसऱ्या रानात वाहणारं. आणि रानात राहिलेले बुडखे, अवशेष. म्हणजे वाळव्याचे दादा विचारत होते पाटाच्या पाण्याचं, तर काणी आणि गवताळ वाढीला ते फारसं लागू नाही, पण लाल कुजला पूर्ण लागू आहे. आता इथं सरकार आणि कारखाने को 0118, कोलख 14201, को 15023 अशा जाती लावायला सांगतायत. पण ज्याची दोन वर्षं बुडाली त्याची बुडाली.

महाराष्ट्रात लाल कुजचा एवढा त्रास नाही हे आपलं नशीब, पण आपल्याकडं पण को 86032 आणि कोएम 0265 (265) याच दोन जाती किती रानावर आहेत बघा ना. आणि कृपा करून कुणी इकडनं "भरपूर उताऱ्याचं बेणं" म्हणून को 0238 ट्रकमधनं नेऊ नका, लोक विचारतात मला फोनवर.

कृष्णाकाठचा_ऊस

बाप रे. हे माहीत नव्हतं. पाहुण्यानं पाहुण्याला दिलं हे वाचून पोटात गोळा आला, कारण मी पण त्याच उसातनं पुढं एकाला बेणं दिलंय, तोडणीच्या आधी, दहा गुंठ्यापुरतं.

जुना_फडकरी

त्याला आजच फोन करा. राग येईल त्याला पण फोन करा, तो लवकर बेटं काढेल तरी.

रोपवाटिका_अकलूज

माढ्याच्या ताईंचं वाचलं, वाईट वाटलं पण त्या बोलल्या ते खरं आहे, आमच्या धंद्यात असे आहेत. मी जे करतो ते सांगतो.

बेणेमळा वेगळा ठेवतो. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधनं किंवा पाडेगावच्या केंद्रातनं मूलभूत बेणं आणतो, त्याला उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया झालेली असते, 54 अंशाला अडीच तास, भरपूर आर्द्रतेत. ही उष्णता गवताळ वाढीला आणि खोडवा खुजा रोगाला चांगली मारते, काणीला पण बरीच. तापमान एक-दोन अंशानं वर गेलं तर डोळे मरतात, खाली राहिलं तर जंतू वाचतात, म्हणून घरी पातेल्यात गरम पाणी करून हे होत नाही, तो प्रयोग करू नका. त्या मूलभूत बेण्यापासनं पायाभूत, पायाभूतपासनं प्रमाणित, आणि ते शेतकऱ्याला. तीन वर्षांनी पुन्हा नवं आणायचं.

बेणं 9 ते 11 महिन्यांचं, लावणीचंच, खोडव्याचं कधीच नाही. बेणं तोडायच्या आधी प्लॉटमधनं मी स्वतः दोन-तीनदा फिरतो आणि संशय आला ते बेट काढतो. मग टिपऱ्या (बेण्याचे तुकडे) 100 लिटर पाण्यात 100 ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि 300 मिली मॅलॅथिऑन टाकून दहा-पंधरा मिनिटं बुडवायच्या. नंतर जिवाणू खतं, ॲसेटोबॅक्टर 10 किलो आणि स्फुरद विरघळवणारं सव्वा किलो, वेगळ्या पाण्यात, अर्धा तास. काही लोक सगळं एकाच ड्रममध्ये टाकतात, तसं केलं तर बुरशीनाशक जिवाणूंना मारतं. कार्बेन्डाझिमचा मोठा उपयोग अननस रोगाला आहे, तो जमिनीतनं कांडीच्या कापलेल्या तोंडातनं आत जातो, उगवण झाली नाही म्हणून टिपरी उकरून चिरली तर आत काळं-लाल आणि पिकलेल्या अननसाचा वास येतो, एकदा घेतला की तो वास विसरत नाही माणूस.

आता कोयता. यावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. खोडवा खुजा रोग म्हणून एक जिवाणूचा रोग आहे, त्याचं बाहेरनं काहीही लक्षण दिसत नाही, फक्त ऊस बुटका आणि दरवर्षी खोडव्याचं टनेज घसरत जातं आणि शेतकरी खताला नाहीतर जमिनीला दोष देतो. हा पसरतो बेण्यातनं आणि कोयत्याच्या पात्यातनं. बाधलेला ऊस तोडला, पात्याला रस लागला, पुढच्या बेटावर तोच कोयता. ऊसतोड टोळी तर आज या गावात, परवा त्या गावात. टोळीला सांगणं अवघड आहे, ते वजनावर पैसे घेतात, त्यांना थांबवून कसं चालेल. पण बेणं तोडताना तर माणसं आपलीच असतात. मी प्रत्येकाला दोन कोयते देतो, एक हातात आणि एक जंतुनाशकाच्या पाण्याच्या बादलीत, थोड्या टिपऱ्या झाल्या की अदलाबदल. पहिल्या दिवशी माणसं कंटाळली, आता सवय झालीय.

मोझॅकग्रस्त

मधेच विचारतो, आमच्या उसाच्या कोवळ्या पानावर फिकट आणि गडद हिरवे चट्टे-पट्टे दिसतायत, उजेडाला धरलं की स्पष्ट दिसतंय. आणि काही शेंड्यांची पानं पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळीत) सुरकुतलेली, पीळ पडलेली, बुडाला पांढरी. दोन्ही एकच का?

कृषी_पदवीधर_सातारा

नाही. चट्टे-पट्टे म्हणजे मोझॅक, विषाणू. बेण्यातनं आणि मावा किडीतनं पसरतो, मका आणि ज्वारीवर पण असतो म्हणून अशा प्लॉटमध्ये मक्याचं आंतरपीक घेऊ नका. पीळ पडलेलं पान म्हणजे पोक्का बोईंग, ती बुरशी खरोखर हवेतनं आणि पावसाच्या थेंबातनं पोंग्यात जाते, दमट ढगाळ हवेत जोर करते. हवा मोकळी झाली की बहुतेक ऊस त्यातनं बाहेर पडतो. शेंडा कुजलेले ऊस काढा, बाकीचे राखा.

कृष्णाकाठचा_ऊस

आज दिवसभर रानातच होतो म्हणून उशिरा लिहितोय. ज्याला बेणं दिलं होतं त्याला फोन केला. आधी शांत बसला, मग म्हणाला त्याच्याकडं पण सहा बेटं आहेत आणि त्याला वाटत होतं तणनाशकाचा फटका बसलाय. संध्याकाळी दोघं मिळून त्याच्या रानात गेलो आणि काढली.

माझ्या अडीच एकरांत उत्तरेकडच्या एकरात फार आहे, तिथं दहा-बारा बेटांमागं एक तरी निघतंय. उरलेल्या दीड एकरात तुरळक. काय करू, सगळा मोडू?

जुना_फडकरी

माझा हिशोब सांगतो, पटला तर घ्या. उत्तरेकडचा एकर मोडा. साडेचार महिने गेलेत, खत गेलंय, वाईट वाटेल, पण तो ठेवला तर दीड एकरावर पूड जाणार आणि गवताळ बेटांवरचे तुडतुडे पण तिकडंच जाणार. बुडखे वेचून बाहेर काढा, रोटावेटर मारून तसंच सोडू नका, फुटतात ते. पाऊस पडला की सोयाबीन किंवा ताग घ्या त्यात, लगेच ऊस नको. दीड एकर राखा, दर पंधरा दिवसाला फिरा, नांग्या (मोकळ्या पडलेल्या जागा) भरायच्या असतील तर खात्रीची रोपं आणून भरा, शेजारच्या बेटाचा फुटवा उचलून लावू नका. आणि या उसातली एक कांडी पण कुणाला बेणं म्हणून देऊ नका, सख्ख्या भावाला पण नाही. निडवा, म्हणजे खोडव्यानंतर परत फुटलेलं पीक, ठेवायचा नाही.

कृष्णाकाठचा_ऊस

ठीक आहे फडकरी आबा. उद्या ट्रॅक्टरवाल्याला सांगतो. कारखान्याच्या शेती विभागात पण विचारून आलो, पुढच्या लावणीसाठी बेणेमळ्यातल्या बेण्याची नोंद आत्ताच करावी लागते म्हणे, केली. दीड एकरातले चाबूक परवा सकाळी काढणार, मी, मिसेस आणि दोन माणसं.

माढ्याची_शेतकरीण

पोती जास्त न्या दादा, माणशी तीन तरी. उसाच्या पानानं फाटतात आणि फाटलेलं पोतं उपयोगाचं नाही. आणि वहिनींना ओढणी नाकाला बांधायला सांगा.